हार्डविक हॉल : वर जाल तशा मोठ्या होत जाणाऱ्या खिडक्या

लंडनहून एम-वन मोटरवेने वर लीड्सच्या दिशेने निघालात की नॉटिंगहॅम मागे पडल्यावर थोड्या वेळाने उजव्या हाताला टेकडीवर एक मनोऱ्यामनोऱ्यांचं घर दिसतं, आणि दुपार कलल्यावर ऊन असेल तर ते चक्क चमकतं. ते हार्डविक हॉल. डर्बीशर काउंटीत, १५९० ते १५९७ मध्ये बांधलेलं. इंग्लंडमध्ये जुनी कंट्री हाऊसेस, म्हणजे बड्या जमीनदारांचे गावाकडचे वाडे, ढिगाने आहेत, पण ही घरं बघायची कशी, नुसतं 'वा काय भव्य' म्हणून फोटो काढून परत न येता त्यांच्यात नेमकं काय केलंय ते समजून कसं घ्यायचं, हे शिकायचं तर माझ्या मते सुरुवात हार्डविकपासून करावी. कारण इथे खांब कुठल्या शैलीचा आणि कमान कुठल्या काळातली असलं काही पाठ असायची गरज नाही, बाहेर उभं राहून नुसत्या खिडक्या बघितल्या तरी अर्धं घर कळतं.

तर खिडक्या बघा. तळमजल्याच्या खिडक्या ठीकठाक, बेताच्या उंचीच्या. पहिल्या मजल्याच्या त्यांच्याहून उंच. आणि दुसऱ्या मजल्याच्या, म्हणजे मनोरे सोडले तर सगळ्यात वरच्या, इतक्या उंच की आत उभा राहिलेला माणूस त्यांच्यापुढे अगदीच किरकोळ वाटतो. वर जाल तशी काच वाढत जाते आणि दगड कमी होत जातो. 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल' अशी एक ओळ इकडे लोकांच्या तोंडी आहे ती यावरूनच. आता हे जरा उलटंच नाही का? कुठलीही जुनी मोठी इमारत आठवा, बहुतेक वेळा खालचे मजले उंच आणि वर गेलं की छत बुटकं होत जातं, सगळ्यात वर तर नोकरांच्या खोल्या. इथे बरोबर उलट. का, ते सांगायचंय.

आधी मालकीणबाईंची ओळख करून घेऊ कारण त्यांच्याशिवाय या घराचा अर्थच लागत नाही. एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूजबरी, पण सगळे ओळखतात बेस ऑफ हार्डविक या नावाने, आपण बेसबाई म्हणू. जन्म साधारण १५२७चा, याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदार घरात. चार लग्नं. पहिला नवरा फार लवकर गेला, दुसरा विल्यम कॅव्हेंडिश हा सरकारी खजिन्यातला मोठा अधिकारी, त्याच्यापासून मुलं झाली आणि त्याच्याबरोबरच तिने याच काउंटीतली चॅट्सवर्थची जमीन घेऊन तिथे बांधकाम सुरू केलं, तिसरा विल्यम सेंट लो हा राणीच्या मर्जीतला, तो जाताना जवळपास सगळं बायकोच्या नावावर करून गेला, आणि चौथा जॉर्ज टॅल्बट, सहावा अर्ल ऑफ श्रूजबरी, हा देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक. या चौथ्याशी मात्र पुढे इतकं फाटलं की बाई चॅट्सवर्थ सोडून माहेरच्या जागी, हार्डविकला, येऊन राहिल्या आणि १५८७ मध्ये तिथलं घर वाढवायला घेतलं. ते आजही शेजारी पडक्या अवस्थेत उभं आहे, त्याला ओल्ड हॉल म्हणतात. ते पुरं व्हायच्या आतच १५९०च्या नोव्हेंबरमध्ये अर्ल वारला, त्याच सुमाराला शेजारी नव्या घराचा पाया पडला, आणि काही वर्षं एकाच टेकडीवर एकमेकांना लागून दोन्ही बांधकामं चालू होती. एक संपत नाही तोवर दुसरं! आणि बाई साठी ओलांडलेल्या.

अर्ल गेल्यावर बाईंच्या हातात इतका पैसा आला की राणी एलिझाबेथ सोडली तर देशात त्यांच्याएवढी श्रीमंत बाई दुसरी नव्हती असं म्हणतात. पण नुसता पैसा महत्त्वाचा नाही, माल घरचा होता हे जास्त महत्त्वाचं. दगड टेकडीच्या कुशीतल्या स्वतःच्या खाणीतून, लाकूड स्वतःच्या जंगलातलं, छपरावरचं शिसं स्वतःच्या मालमत्तेतून, आणि काच, जी त्या काळात फार महाग चीज होती, तीसुद्धा विंगफील्डला असलेल्या स्वतःच्या काचभट्टीतून. हिशोबाच्या वह्या अजून आहेत, त्यावर बाईंच्या स्वतःच्या सह्या आहेत. तेव्हा 'भिंतीपेक्षा काच जास्त' हा थाट दाखवायचा होता हे खरंच, पण जो दुसऱ्याला बाजारभावाने परवडला नसता तो यांना घरच्या घरी परवडला.

आता आर्किटेक्ट. त्या काळात आर्किटेक्ट असा वेगळा धंदाच इंग्लंडमध्ये धड नव्हता. डिझाइन करायचे ते गवंडीकामातून, दगडकामातून वर आलेले लोक. रॉबर्ट स्मिथसन असाच दगडकामवाला, लाँगलीट नावाच्या मोठ्या घराच्या कामावर होता, मग नॉटिंगहॅमला वोलाटन हॉल त्याने उभारला १५८० ते १५८८ मध्ये. हार्डविकचा प्लॅन त्याचाच मानतात, त्याच्या ड्रॉइंग्जमध्ये हार्डविकशी मिळताजुळता एक प्लॅन सापडतो. वोलाटनच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावरच्या मजकुरात त्याला आर्किटेक्ट आणि सर्व्हेअर म्हटलंय, हे त्या काळात कुणाही गवंड्याच्या वाट्याला येत नव्हतं. पण साइटवर रोजचं काम बघायला तो नव्हता, ते बाईंची माणसं बघायची आणि मुख्य म्हणजे बाई स्वतः बघायच्या.

मग स्मिथसनने नक्की केलं काय? हे कळायला आधीची पद्धत माहीत पाहिजे. जरा किचकट आहे, पण हा भाग समजला की बाकीचं आपोआप सुटतं.

मध्ययुगीन इंग्लिश घराचा जीव म्हणजे ग्रेट हॉल. लांबलचक, उंच छताचा दिवाणखाना म्हणा. मालक, नोकरचाकर, पाहुणे सगळे तिथेच जेवायचे. हॉलच्या एका टोकाला जरा उंच चौथरा, तिथे मालकाचं टेबल, आणि त्याच्या विरुद्ध टोकाला दार. दारातून थेट वारा आत येऊ नये म्हणून तिथे लाकडी आडोसा, आडोशाच्या पलीकडे स्वयंपाकघर, कोठीघर वगैरे. याच डर्बीशरमध्ये बेकवेलजवळ हॅडन हॉल आहे, तिथे चौदाव्या शतकातला असा हॉल अजून जसाच्या तसा बघायला मिळतो, जमलं तर दोन्ही बघा, फरक लगेच डोळ्यांत भरतो. या पद्धतीत हॉल घराच्या दर्शनी बाजूला समांतर, आडवा पसरलेला असतो. म्हणजे दार कुठे येणार? हॉलच्या टोकाला. घराच्या बरोब्बर मध्यावर कधीच नाही. शिवाय मालक बसतो त्या टोकाला मोठी खिडकी, नोकरांच्या टोकाला लहान. त्यामुळे बाहेरून घर एका अंगाला झुकल्यासारखं दिसतं, डावी बाजू एक बोलते, उजवी दुसरं. शेकडो वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

सोळाव्या शतकात वाटायला लागलं. इटली, फ्रान्स, फ्लँडर्समधून छापील पुस्तकं यायला लागली, त्यातल्या चित्रांमध्ये इमारती मधोमध दुमडल्या तर दोन्ही अर्ध्या तंतोतंत जुळतील अशा. आता मोठ्या लोकांना तसं घर पाहिजे, पण आत राहायची सवय तीच जुनी, हॉल पाहिजे, आडोसा पाहिजे, एका टोकाने शिरायचं पाहिजे. मग आर्किटेक्ट लोकांच्या कसरती सुरू. स्वतः स्मिथसनने वोलाटनला हॉल घराच्या मधोमध ठेवला पण आत शिरायला वळसा घालावा लागतो, मधल्या दारातून सरळ हॉलच्या तोंडाशी येताच येत नाही.

हार्डविकला त्याने हॉल काटकोनात फिरवून टाकला. बस, एवढंच. आडवा हॉल उभा केला, पुढच्या दारापासून घराच्या आरपार मागच्या बाजूकडे जाणारा. आता दार हॉलच्या टोकालाच आहे, जुन्या सवयीप्रमाणे, पण हॉलचं ते टोकच घराच्या दर्शनी बाजूच्या बरोब्बर मध्यावर आलं! दाराच्या डावीकडे जेवढं घर तेवढंच उजवीकडे. आडोसाही ठेवलाय, फक्त लाकडी भिंतीऐवजी दगडी खांबांचा, त्यातून दारातून आल्या आल्या पूर्ण हॉल दिसतो. कागदावर बघितलं तर वाटतं यात काय एवढं, पण पिढ्यान् पिढ्या लोक ज्या आडव्या हॉलला धरून बसले होते तो फिरवायला धाडस लागतं, कारण त्याबरोबर हॉलचा मानही गेला. हार्डविकचा हॉल म्हणजे यायची जागा आणि नोकरांच्या जेवणाची जागा. बाईंच्या घराण्याचं चिन्ह फायरप्लेसच्या वर मोठं थोरलं कोरलंय, दोन्ही बाजूला हरणं, सगळं आहे, पण बाई स्वतः तिथे जेवायला बसत नव्हत्या. मानाची जागा आता वर गेली. किती वर, ते खिडक्या सांगतात.

पण तिथे जायच्या आधी अजून एक कोडं सोडवू. बाहेरची भिंत जर बहुतेक काचच असेल तर फायरप्लेस कुठे बसवायच्या? इंग्लंडातल्या घरात प्रत्येक मोठ्या खोलीला फायरप्लेस हवीच, आणि फायरप्लेस म्हटली की तिच्यामागे वरपर्यंत जाणारं धुरांडं आलं, ते सोयीचं म्हणून बाहेरच्या भिंतीत बसवायची पद्धत होती. तसं इथे केलं असतं तर अर्ध्या खिडक्या गेल्या असत्या आणि छपराच्या कडेकडेने धुरांडी उगवली असती, म्हणजे मनोऱ्यांची मजा गेली. स्मिथसनने घराच्या पोटातून लांबीला एक जाडजूड भिंत घातली, पापलेटाचा मधला काटा असतो ना तशी, आणि बहुतेक धुरांडी त्या भिंतीत कोंबली. या मधल्या भिंतीने दोन कामं केली: धूर वर नेला आणि मजल्यांचं वजनही पेललं. बाहेरच्या भिंतीवरचा भार तेवढा हलका झाला, म्हणून ती एवढी पोखरता आली. शिवाय ते सहा मनोरे आहेत, दोन पुढे, दोन मागे आणि दोन्ही टोकांना एकेक, ते नुसते शोभेचे नाहीत. भिंत जिथे कोपरा घेते तिथे ती ताठ उभी राहते, आणि मनोऱ्यांमुळे हार्डविकच्या बाहेरच्या भिंतीला सारखे कोपरे पडलेत. सलग सपाट भिंतीत इतकी काच घातली असती तर इतकी वर्षं धडपणे टिकली असती का, शंकाच आहे.

मनोऱ्यांचा आणखी एक खेळ आहे तो गाडीतून किंवा चालत घराला फेरी मारताना लक्षात येतो. सहा मनोरे कधी चार दिसतात, कधी मधले दोन एकमेकांत मिसळून जातात, कधी सगळे सुटे होतात, कोन बदलला की घराचा आकार बदलतो, म्हणजे तसं बघितलं तर एक साधा लांबट चौकोन आणि त्याला सहा ठोकळे, पण दोन ठिकाणांहून सारखं दिसत नाही. आणि प्रत्येक मनोऱ्याच्या माथ्यावर दगडात कोरलेली माणसाएवढी वाटावीत अशी अक्षरं, ई आणि एस, एलिझाबेथ श्रूजबरी, वर काउंटेसचा मुकुट. नावाची पाटी लावण्याची हौस कुणाला नसते, पण आकाशात लावलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

बरं, आता एक लबाडी सांगतो. बाहेरून खिडक्यांच्या ओळी कशा एकदम शिस्तीत, डावीकडे जशी तशीच उजवीकडे. पण आतल्या खोल्या तशा नाहीत, असूच शकत नाहीत, कुठे मोठी खोली, कुठे लहान, कुठे जिना, कुठे भिंत येते. मग काय केलं? काही ठिकाणी बाहेर खिडकी आहे पण काचेच्या मागे भिंत किंवा धुरांडं आहे, म्हणजे ती खिडकी आतून नाहीच. काही ठिकाणी बाहेरून एकच उंच खिडकी दिसते पण तिच्यामागे दोन बुटके मजले दडवलेत. मला ही गोष्ट फार आवडते. कारण एरवी 'प्रामाणिक आर्किटेक्चर' वगैरे व्याख्यानं ऐकायला मिळतात, आत जे आहे तेच बाहेर दिसलं पाहिजे वगैरे, आणि इथे इंग्लंडातल्या सगळ्यात नावाजलेल्या घरांपैकी एक घर राजरोस थापा मारतंय. हॅडनसारखं जुनं घर खरं बोलायचं आणि वाकडं दिसायचं, हार्डविक सरळ दिसतं आणि त्यासाठी थोडं खोटं बोलतं, एवढा तो बदल आहे.

खिडकी जवळून कशी आहे तेही बघा. एक मोठी सलग काच नाहीये ती. दगडाचे उभे आणि आडवे दांडे, त्यांनी खिडकीचे मोठे चौकोन पाडलेत, आणि प्रत्येक चौकोनात शिशाच्या पट्ट्यांच्या जाळीत बसवलेले हाताच्या पंजाएवढे काचेचे तुकडे. कारण तेव्हा काच तोंडाने फुगवून बनवायची, मोठी सपाट काच निघायचीच नाही, तुकडेच जोडावे लागायचे. हे तुकडे एकसारखे सपाट नसतात आणि शिशाच्या जाळीत प्रत्येक जण थोडासा वेगळ्या कोनात बसलेला असतो. त्यामुळे ऊन पडलं की आजच्या काचेच्या टॉवरसारखी एकच सपाट झळाळी येत नाही, हजार ठिकाणी लुकलुकतं. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतर. मोटरवेवरून जी चमक दिसते ती हीच.

आता आत शिरू आणि वर चढू.

तळमजला म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, कोठ्या, नोकरांचा वावर. बेताच्या खिडक्या. पहिला मजला बाईंचा स्वतःचा, तिथे त्यांची रोजची बैठक, जेवण, झोपायची खोली, नात अर्बेला स्टुअर्टचं राहणंही घरात त्यांच्या नजरेखालीच. मध्यम खिडक्या. आणि दुसरा मजला रोज राहायला नाहीच, तो समारंभाचा, मोठ्या पाहुण्यांचा, खरं तर राणी आली तर असावा म्हणून. सगळ्यात उंच खिडक्या. म्हणजे खिडकीची उंची म्हणजे त्या मजल्याचा मान, इतकं सरळ गणित आहे, आणि ते मैलभर लांबून कुणालाही वाचता येतं.

राणी एलिझाबेथ हार्डविकला कधी आलीच नाही, तो भाग वेगळा. पण बाईंच्या डोक्यात आणखी एक हिशोब असणार. ही नात अर्बेला, तिचे वडील राजघराण्यातले, इंग्लंडच्या गादीवर तिचा बऱ्यापैकी हक्क पोचत होता, आणि एलिझाबेथला मूलबाळ नव्हतं. म्हणजे ज्या घरात उद्याची राणी राहत असू शकते त्या घरात राणीला शोभेल असा मजला हवाच. पुढे १६०३ मध्ये गादी स्कॉटलंडच्या जेम्सला मिळाली आणि अर्बेलाचं आयुष्य फार वाईट संपलं, टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत. मजला मात्र आहे.

तिथपर्यंत नेणारा जिना हा माझ्या मते घरातला सगळ्यात हुशार भाग, खोल्यांपेक्षाही. दगडी, रुंद, पायऱ्या इतक्या कमी उंचीच्या की चढतोय असं वाटत नाही, आणि एका जागी गोल गोल वर न जाता घराच्या आतून वळणं घेत लांबवर जातो, कुठे अंधारतो, मग एकदम मोठी खिडकी येते, परत अंधार, आणि शेवटी वर दुसऱ्या मजल्याच्या दारात आणून सोडतो. दोन मजले चढायला जेवढा वेळ लागायला हवा त्यापेक्षा मुद्दाम जास्त वेळ लागतो. कारण हा जिना मिरवणुकीसाठी आहे. मोठ्या जेवणाच्या वेळी ताटं खालच्या स्वयंपाकघरातून निघायची, हॉलमधून, नोकरांच्या रांगेसकट, या जिन्याने वर. तोवर ते जेवण किती गरम राहत असेल ते तुम्हीच ठरवा, पण गरम जेवण हा मुद्दाच नव्हता.

वर पोचलं की हाय ग्रेट चेंबर, म्हणजे समारंभाचा मोठा दिवाणखाना. इथे एक मजेची गोष्ट म्हणजे खोली आधी आणि सजावट नंतर असं झालेलं नाही. भिंतींवर युलिसीस या ग्रीक वीराच्या गोष्टीच्या, ब्रसेल्सला विणलेल्या टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले मोठे जाड पडदे, आहेत, त्या बाईंनी १५८७ मध्ये घेतल्या होत्या, घराचा पाया पडायच्या आधी, आणि भिंतीच्या खालच्या भागाची उंची त्या टॅपेस्ट्रींच्या मापाने ठरवली असं मानतात. त्यांच्यावर जी जागा उरली तिथे सगळ्या खोलीभर फिरणारा प्लास्टरचा रुंद पट्टा, अब्राहम स्मिथच्या हातचा, उठावाचं काम आणि वर रंग. जंगल, झाडं, हरणं, शिकारी, आणि मध्ये डायना देवी आपल्या सख्यांसह बसलेली. डायना म्हणजे शिकारीची कुमारी देवता, म्हणजे अर्थात राणी एलिझाबेथला केलेला नमस्कार. फायरप्लेसच्या वर बाईंचं चिन्ह नाही, राजघराण्याचं आहे. खाली हॉलमध्ये स्वतःचं, वर राणीचं. रंग आता फिके पडलेत, चारशे वर्षं त्या प्रचंड खिडक्यांतून ऊन खाल्लंय त्यांनी, पण उंच खिडकी, उंच भिंत आणि वर हे जंगल असं एकत्र बघितलं की इतकं छत उंच कशाला ठेवलं ते पटतं.

या खोलीतून पुढे एकात एक खोल्या. हार्डविकमध्ये आपल्याला सवय आहे तसे कॉरिडॉर जवळपास नाहीत. हाय ग्रेट चेंबरमधून विथड्रॉइंग चेंबर, म्हणजे मोजक्या लोकांनी आत जाऊन बसायची खोली, तिथून पुढे मानाची झोपायची खोली. म्हणजे पुढच्या खोलीत जायचं तर आधीच्या खोलीतून जावंच लागतं, आणि प्रत्येक दाराशी माणसं गळत जातात. कुणी पहिल्या खोलीपर्यंत, कुणी दुसऱ्या, आणि आतल्या खोलीत अगदी मोजके. तुमची लायकी किती हे कुणी बोलून दाखवत नाही, दार सांगतं. आजच्या नजरेने ही व्यवस्था फार गैरसोयीची आहे, खाजगी असं काही नाहीच, नोकर जिन्याच्या कडेला किंवा मालकाच्या दाराबाहेर अंथरूण टाकून झोपायचे, पण ते घर सोयीसाठी बांधलेलं नव्हतंच हे एकदा डोक्यात घेतलं की प्लॅन वाचता येतो.

आणि लाँग गॅलरी. पूर्वेची सगळी बाजू, घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे ५० मीटर लांब एकच खोली. कशाला? पाऊस असला की चालायला, गप्पा मारायला, तसबिरी टांगायला, आणि आपल्याकडे चालायलासुद्धा वेगळी खोली आहे हे दाखवायला. एका बाजूला उंच खिडक्या, समोरच्या भिंतीवर बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीच्या १३ टॅपेस्ट्री, साधारण ६ मीटर उंच एकेक, आणि त्यांच्यावरच खिळे ठोकून टांगलेल्या तसबिरी. आज कुठल्याही म्युझियमवाल्याला घाम फुटेल असं काम. या १३ टॅपेस्ट्री मुळात राणीचा लॉर्ड चॅन्सलर सर ख्रिस्तोफर हॅटन याने बनवून घेतलेल्या, तो कर्जात बुडून मेला, बाईंनी १५९२ मध्ये वारसाकडून विकत घेतल्या आणि त्यावर विणलेल्या हॅटनच्या चिन्हांवर आपली चिन्हं रंगवून चिकटवून टाकली. हॅटनच्या चिन्हांतल्या हरणीला शिंगं रंगवून बाईंच्या घराण्यातलं हरीण केलं म्हणे. नवी विणून घ्यायचा खर्च कशाला? हिशोबी बाई. गॅलरीतल्या दोन्ही फायरप्लेसवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती कोरल्यात, बाईंकडून यातलं पहिलं जास्त मिळत असावं असं मला उगाच वाटतं.

इथेही वर संपत नाही. छपरावर शिशाच्या पत्र्यांवरून चालत जाऊन एका मनोऱ्यातली खोली आहे, जेवणानंतर मोजक्या पाहुण्यांना घेऊन तिथे गोडधोड खायचं आणि लांबवर पसरलेली आपली जमीन दाखवायची.

एवढी काच म्हणजे थंडी किती असणार याचा विचार तुम्ही केव्हाच केला असेल. डर्बीशरच्या टेकडीवर, जानेवारीत. १६०१ मध्ये घरातल्या सगळ्या सामानाची यादी केली होती, ती यादी आजही आहे, आणि तिच्यात बाईंच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीत जे आहे ते वाचून हसूच येतं. पलंगाला पडदे, वर रजया, ब्लँकेटं, आणि शिवाय खिडकीवर टांगायला जाड पांघरुणं, दारावर टांगायला पांघरूण, दुसऱ्या दारावर टॅपेस्ट्री. म्हणजे देशातली सगळ्यात महाग काच बसवायची आणि रात्री तिच्यावर गोधडी टांगायची!

बाई १६०८च्या फेब्रुवारीत गेल्या, ऐंशीच्या आसपास. पुढच्या पिढ्या चॅट्सवर्थला राहायला लागल्या, ड्यूक ऑफ डेव्हनशर झाले, आणि पहिल्या ड्यूकने १६८७ पासून चॅट्सवर्थ पाडून नवं बांधायला घेतलं. तिथलं बाईंचं घर त्यात गेलं. हार्डविक मात्र वाचलं, ते कुणाला फार आवडत होतं म्हणून नाही, तिथे कायम कुणी राहत नव्हतं म्हणून. नव्या फॅशनप्रमाणे खिडक्या बदलायला, छत खाली घ्यायला कुणाला कारणच नव्हतं. घरात मेरी क्वीन ऑफ स्कॉट्सच्या नावाची एक खोली आहे आणि जुन्या काळी पाहुण्यांना ती तिथे राहिली होती असं सांगत असत. मेरी ही स्कॉटलंडची पदच्युत राणी, एलिझाबेथची कैदी म्हणून बेसबाईंच्या आणि अर्लच्या ताब्यात १५ वर्षं होती हे खरं, पण तिचं डोकं उडवलं १५८७ मध्ये आणि या घराचा पाया १५९०चा, तेव्हा ती इथे राहिली असेल तर भूत होऊनच.

हे खिडक्यांचं गणित एकदा कळलं की ते इतर घरांनाही लावता येतं. याच काउंटीत डर्बीजवळ केडलस्टन हॉल आहे, १७५९ मध्ये सुरू झालेलं, त्यात रॉबर्ट अॅडम या नावाजलेल्या आर्किटेक्टचं काम आहे. तिथे बघा, सगळ्यात खाली बुटक्या खिडक्या, त्यांच्यावरच्या मजल्याला सगळ्यात उंच, आणि त्याच्यावर परत लहान चौकोनी. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत मानाचा मजला वरून खाली सरकून मधे आला, बाहेरून एक मोठा जिना चढलं की थेट तिथेच, स्मिथसनचं ते लांबवर वळणं घेत चढणं गेलं. आणि हे केडलस्टन आपल्याला अगदीच परकं नाही. कलकत्त्याचं गव्हर्न्मेंट हाऊस, म्हणजे आपण राजभवन म्हणून ओळखत आलो ते, १७९९ ते १८०३ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्लीने बांधून घेतलं ते केडलस्टनच्या प्लॅनवरून. पुढे त्यात राहायला व्हाइसरॉय म्हणून आला लॉर्ड कर्झन, ज्याचा जन्मच केडलस्टनचा. कलकत्त्याला गेलात तर बाहेरून खिडक्या मोजा, तेच गणित.

हार्डविकला परत येतो. १९५०मध्ये दहावा ड्यूक वारला आणि वारसाहक्काचा कर इतका बसला की त्यापोटी घर सरकारला द्यावं लागलं, १९५९ पासून ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आता त्यांच्यापुढे प्रश्न असा की घरातली सगळ्यात किमती वस्तू म्हणजे कापड, टॅपेस्ट्री आणि भरतकाम, आणि कापडाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उजेड, आणि घर तर उजेडासाठीच बांधलेलं. त्या गिडियनच्या १३ टॅपेस्ट्री एकेक करून उतरवून, धुऊन, नीट करून परत टांगायला २४ वर्षं लागली, काम २०२३ मध्ये संपलं. हे सगळं उजेडापासून जपायचं म्हणून आत गेलात की बऱ्याच खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात, लाँग गॅलरीत डोळे सरावायला वेळ लागतो, फोटो काळपट येतात, आणि कुरकुरणारे पर्यटकही भेटतात. माझं ऐकाल तर आतलं दुपारीच उरकून घ्या आणि ऊन असेल तर चार-साडेचारच्या सुमाराला पुढच्या अंगणात येऊन उभे राहा, हिवाळ्यात जरा आधी. ओल्ड हॉलचं तिकीट वेगळं असू शकतं, ते इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे आहे, तिथे जाता आलं तर तिथूनही नवं घर चांगलं दिसतं.